पोवळ्याच्या रानातील पोपटमासा

कळससारख्या गावी, जेथून समुद्र गाठावयाचा तर आधी सह्याद्री ओलांडावा लागतो, समुद्रातल्या एका माशाविषयी बोलावयाचे म्हणजे थोडे धाडसच होय. मासा आपणांस नवा नाही. उजनीच्या पाण्यातला मासा इंदापूर-भिगवणच्या बाजारात येतो आणि आपण तो तोलून घेतो. त्याच्या रंगाची चौकशी कोणी करीत नाही, वजनाची करतात. पण ज्याच्या रंगाकडे पाहिल्यावाचून पुढे जाताच येत नाही असा एक मासा उष्ण समुद्रात आहे. त्याला आपल्याकडे पोपटमासा म्हणतात, आणि हे नाव त्याला दोन्ही अंगांनी शोभते. रंग पोपटाचा, आणि तोंडाला चोचही पोपटाचीच.

प्रथम तो राहतो कोठे ते सांगितले पाहिजे. सोनाराकडे मंगळाचा खडा म्हणून जे लाल पोवळे मिळते ते आपणांस ठाऊक आहे. त्याच कुळातले, पण रीतीने वेगळे असे काही बारीक जीव उष्ण समुद्राच्या उथळ पाण्यात दाटीने राहतात आणि पाण्यातला चुना घेऊन आपल्याभोवती दगडी घर बांधतात. एक मरतो, त्याच्या घरावर दुसरा बांधतो. अशा हजारो वर्षांच्या बांधकामातून जो खडक उभा राहतो त्याला प्रवाळभित्ती म्हणावे. आमच्या मते भिंतीपेक्षा रान हा शब्द तिला अधिक साजेल. कोठे झुडुपासारखे, कोठे शिंगांसारखे, कोठे खळ्यातल्या राशीसारखे असे तिचे आकार असतात आणि त्यांच्या आडोशाने शेकडो जातींचे मासे नांदतात. मुंबईस १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात ज्यांनी पूर्वी काचेपलीकडचे रंगीत मासे पाहिले असतील, त्यांना यातले काही आठवतील.

या रानात पोपटमाशाच्या शंभराच्या आसपास जाती आहेत. बहुतेक हातभर किंवा त्याहून लहान. एक मात्र राक्षसी आहे. कपाळावर टेंगूळ असलेली ही जात सव्वा मीटरपर्यंत वाढते आणि तिचे वजन चाळीस किलोंच्या वर जाते. आपण मधल्या आकाराची एक जात घेऊ, कारण ती तांबड्या समुद्रापासून हिंदी महासागरभर आणि पुढे पॅसिफिकपर्यंत आढळते. शास्त्रज्ञ तिला स्कॅरस घोब्बान म्हणतात. तिचे अंग पिवळसर-नारिंगी आणि त्यावर पाच निळसर पट्टे. तिचाच मोठा नर पाहिला तर तो हिरवट-निळा, प्रत्येक खवल्याची कड गुलाबी, तोंडाभोवती आणि डोळ्यांमागे हिरव्या-निळ्या रेघा. अंगावरचे खवले मोठे आणि कौलांसारखे एकावर एक बसवलेले. पोहण्याची तऱ्हाही पक्ष्यासारखी. इतर मासे शेपटी हलवून पुढे जातात, हा छातीजवळचे दोन पर पंखांसारखे मारीत तरंगत जातो आणि शेपटी घाईच्या वेळेसाठी राखून ठेवतो.

रंग येतो कोठून, असा प्रश्न साहजिक आहे. भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. त्यांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो आणि पिल्लू असताना ते करड्याच रंगाचे असतात. माशांच्या अंगावरील पिवळा-तांबडा रंगही पुष्कळ अंशी असाच खाण्यातून मिळालेला असतो. निळ्याची गोष्ट निराळी. बहुतेक माशांच्या कातडीत अतिशय पातळ, चकचकीत कणांचे थर असतात. त्यांवर प्रकाश पडला की निळा भाग परत फिरतो आणि बाकीचा आत विरतो. मोराच्या पिसात हीच करामत आहे. मोराचे पीस कुटले तर निळी पूड निघत नाही, हे पुष्कळ मुलांनी आपल्यापुरते शोधून काढलेले असते.

आता चोच. पोपटमाशाचे दात सुटे नसतात. ते ओळीने एकमेकांस चिकटून वर-खाली दोन पाती तयार होतात. अशा सुमारे १००० दातांच्या १५ रांगा एकामागे एक बसलेल्या असतात आणि पुढची रांग झिजली की मागची पुढे येते. २०१७ साली अमेरिकेतील बर्कले येथे क्ष-किरणांच्या साहाय्याने या दातांची पाहणी झाली. दातांतील खनिजाचे धागे कापडासारखे उभे-आडवे विणलेले आढळले, आणि टोकाशी त्यांचा कठीणपणा तांबे, रुपे व सोने यांच्याहून अधिक भरला. एवढ्या कठीण दातांचे काम काय, तर दगड खाणे. पोपटमासा दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत प्रवाळाचा खडक खरवडीत असतो. पाण्याखाली गेलेल्या माणसाला हा मासा दिसण्यापूर्वी त्याचा कुरकुर आवाज ऐकू येतो.

दगडात पोषण ते काय, असे कोणी विचारील. दगड हा त्याचा घास आहे, पण अन्न नव्हे. खडकाच्या पृष्ठभागावर आणि त्याच्या आत केसाएवढ्या जाडीत बारीक शेवाळ व इतर सूक्ष्म जीव वाढतात, ते त्याला हवे असतात. त्यासाठी वरचा दगडही खावा लागतो. बहुतेक जातींचा भर मेलेल्या प्रवाळाच्या खडकावर असतो, जिवंत प्रवाळ थोड्याच जाती खातात. घास घशात गेला की तेथे दातांचे दुसरे पीठ आहे, अगदी जात्याच्या दोन तळ्यांसारखे. त्यात दगडाचे पीठ होते. या माशाला जठर नाही, नुसते लांब आतडे. अन्न तेथे शोषले जाते आणि उरलेला चुना पांढरी वाळू होऊन मागून बाहेर पडतो.

चित्रांतून आणि सिनेमांतून बेटांवरचे जे पांढरे शुभ्र किनारे आपण पाहतो, त्यांच्या वाळूचा उगम हा असा आहे. ऐकून हसू येते, पण हिशेब पाहिला म्हणजे हसू थांबते. मालदीवमधील वक्कारू या बेटाभोवती शास्त्रज्ञांनी नव्याने तयार होणाऱ्या वाळूचा हिशेब मांडला आणि तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. ८५ टक्क्यांहून अधिक वाळू एकट्या पोपटमाशांनी केलेली निघाली. टेंगूळवाला मोठा मासा तर वर्षाला पाच टनांहून अधिक चुनखडक गिळतो. आपले लक्षद्वीप आणि मालदीव एकाच सागरी डोंगराच्या रांगेवर बसलेले आहेत. ती बेटे समुद्राच्या वर जेमतेम काही मीटर असतात. ज्या वाळूवर माणसांनी घरे बांधली, नारळ लावले, विहिरी खणल्या, ती वाळू कोणी तरी सतत पुरवीत आहे म्हणून बेट टिकून आहे. पुरवठा करणाऱ्यांत या चोचीचा वाटा मोठा.

या माशाच्या नावाशी महाराष्ट्राचे एक दूरचे नाते आहे. १७६१ साली डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानाच्या अभ्यासासाठी एक मंडळी पाठविली. त्यांत लिनियसचा शिष्य पीटर फोर्स्कोल हा निसर्गशास्त्रज्ञ होता. तांबड्या समुद्राच्या काठी त्याने मासे गोळा केले, कोळ्यांना त्यांची नावे विचारली आणि ती अरबी नावेच शास्त्रीय नावांत घातली. घोब्बान हे त्यांपैकी एक. माशाची एका बाजूची कातडी सोलून, वाळवून, झाडाचे पान चिकटवावे तशी तो कागदावर चिकटवी. असे त्याचे मासे कोपनहेगनमध्ये आजही जपलेले आहेत. १७६३ च्या जुलैत तो येमेनमध्ये वारला. उरलेली मंडळी जहाजाने मुंबईकडे निघाली. त्यांपैकी दोघे वाटेत समुद्रावर गेले आणि एक मुंबईस येऊन वारला. कार्स्टन नीबूर हा मोजणीदार तेवढा जिवंत राहिला. मुंबईच्या मुक्कामात त्याने घारापुरीच्या लेण्यांची मापे घेऊन चित्रे काढली, आणि मायदेशी परतल्यावर मृत मित्राचे कागद जुळवून १७७५ साली छापले. आज शास्त्रात पोपटमाशाच्या ज्या जातींची नावे आहेत, त्यांतील कित्येक त्या पुस्तकातली आहेत.

त्यातल्या एकाचे नाव मोठे गमतीचे आहे. फोर्स्कोलने एका जातीस सॉर्डिडस म्हटले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मळकट. त्याला मिळालेला मासा तपकिरी रंगाचा होता. त्याच जातीचा मोठा नर हिरवा, निळा आणि गुलाबी असा झळझळीत असतो; नाव मात्र मळकट ते मळकटच राहिले. ही चूक एका माणसाची नव्हे. पुढे दोनशे वर्षे विद्वान मंडळी मादीला एक जात, नराला दुसरी जात आणि पिल्लाला तिसरी जात मानून नावे देत गेली. खऱ्या जातींच्या कितीतरी पट नावे पुस्तकांत जमा झाली. रंगावरून ओळख पटवावी अशी सोय या माशाने ठेवलेलीच नाही, कारण तो एका जन्मात दोन-तीन वेळा वेष बदलतो.

वेषच नव्हे, लिंगही. बहुतेक पोपटमासे प्रथम मादी म्हणून वाढतात. तेव्हा रंग करडा, तांबूस किंवा तपकिरी असतो. एक मोठा रंगीत नर आपली हद्द राखतो आणि तिच्यात अनेक माद्या असतात. हा नर मेला किंवा पकडला गेला की कळपातील सर्वांत मोठी मादी त्याची जागा घेते. आधी तिचे वागणे बदलते, मग शरीर आतून बदलते, मग रंग चढतो, आणि काही आठवड्यांत जेथे मादी होती तेथे झळझळीत नर असतो. आपल्या पुराणांत इल राजाची इला झाली आणि शिखंडीनेही असेच रूप पालटले. तेथे वर किंवा शाप लागला, येथे जागा रिकामी होणे पुरते. काही जातींत जन्मतःच नर असलेले थोडे मासेही असतात. ते मुद्दाम म्हणावे तसे मादीच्याच साध्या रंगात वावरतात आणि मोठ्या नराच्या नजरेखालून आपला डाव साधून जातात. सगळ्या रंगीत दरबारांत असे साध्या कपड्यांतले लोक असतातच.

या व्यवस्थेची एक बाजू नीट ध्यानी घ्यावी, कारण पुढील सगळा प्रश्न तिच्यावर उभा आहे. मोठा मासा म्हणजे नर, आणि त्याच्या खालोखाल मोठी ती पुढचा नर. भाल्याने किंवा गळाने मासे टिपणारा माणूस साहजिकच मोठा आणि उठून दिसणारा मासा आधी टिपतो. एक मारला तर दुसरी मादी त्याची जागा भरते. तीही मारली तर त्याहून लहान मादीला लवकर नर व्हावे लागते. मोठ्या माद्या, ज्या सर्वांत जास्त अंडी घालतात, त्याच अशा रीतीने कमी होत जातात. टोळी दिसते तेवढीच दिसते, पण मासे लहान होत जातात. आपल्याकडे बियाण्याचे दाणे विकून टाकणाऱ्या शेतकऱ्याला लोक काय म्हणतात ते सांगावयास नको.

दुसरी अडचण रात्रीची. दिवस मावळला की पोपटमासा खडकाच्या कपारीत शिरून गाढ झोपतो, आणि काही जाती झोपण्यापूर्वी तोंडातून चिकट पारदर्शक द्रव सोडून स्वतःभोवती एक पिशवी विणतात. तिला पुढे-मागे वाट ठेवलेली असते, म्हणजे पाणी खेळते राहते. सकाळी ती फाडून मासा बाहेर पडतो आणि रात्री नवी करतो. ही पिशवी कशासाठी, यावर बराच काळ तर्क चालले. वासावर येणारे शिकारी मासे चकावेत म्हणून असावी, असे पुष्कळांना वाटे. ऑस्ट्रेलियातील लिझर्ड बेटावर शास्त्रज्ञांनी आपल्या त्या मळकट नावाच्या माशावरच प्रयोग केला. झोपलेल्या माशाला न उठवता काहींची पिशवी काढून घेतली, काहींची राहू दिली, आणि रक्त पिणारे बारीक समुद्री किडे सोडले. पिशवीतल्या माशांपैकी शंभरात दहांना किडे चावले. पिशवी काढलेल्यांपैकी नव्वदांहून अधिकांना. तेव्हा ती पिशवी म्हणजे मच्छरदाणी, आणि ती रोज नवी विणण्यास माशाच्या दिवसाच्या शक्तीपैकी जेमतेम अडीच टक्के लागतात. किड्यांपासून तिने रक्षण होते, पण बॅटरीचा झोत आणि भाला घेऊन उतरलेल्या माणसापुढे ती निरुपयोगी आहे. झोपलेला पोपटमासा हलतही नाही. जगात अनेक ठिकाणी ही रात्रीची शिकारच त्याच्या नाशाचे मोठे कारण झाली.

मासे कमी झाले तर प्रवाळाचे काय बिघडते? उलट दगड खाणारा गेला म्हणजे प्रवाळ सुखी होईल, असे वाटण्याजोगे आहे. येथे आपल्या माळाकडे पाहावे. कडबनवाडीच्या बाजूचे गवत ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ठाऊक आहे की चरणारे जनावर नसेल तर जुने वाळके गवत तसेच उभे राहते आणि त्याखाली नव्या अंकुराला उजेड मिळत नाही. फार जनावरे घातली तर माळ उघडा पडतो, हेही खरे. धनगराला दोन्ही गोष्टी कळतात. प्रवाळाचे पिल्लू मोहरीच्या दाण्याहून लहान असते आणि ते पाण्यावर वाहत येऊन एखाद्या स्वच्छ दगडाला चिकटते. दगडावर शेवाळाची गादी असेल तर त्याला पाय टेकायला जागा नाही. पोपटमासा ती गादी खरवडून दगड उघडा ठेवतो. तो चार घास प्रवाळाचे खातो आणि चाळीस जागा मोकळ्या करून देतो.

जमेकाच्या किनाऱ्यावर हे सारे लोकांनी डोळ्यांदेखत पाहिले. तेथे पोपटमासे मारून मारून विरळ झाले होते. तरी शेवाळ आटोक्यात होते, कारण काळे काटेरी समुद्री साळिंदर ते खात असत. १९८० साली मोठे वादळ झाले, आणि १९८३-८४ मध्ये एका रोगाने ती साळिंदरे जवळजवळ सगळी मेली. चरणारे कोणीच उरले नाही. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जेथे निम्म्या तळावर जिवंत प्रवाळ होता, तेथे १९९३ पर्यंत शंभरात पाच भागही उरला नाही आणि नव्वद भाग शेवाळाने व्यापले.

आता आपल्या देशाकडे येऊ. प्रवाळाच्या शरीरात एक सूक्ष्म शेवाळ भाडेकरू म्हणून राहते आणि भाडे म्हणून अन्न देते. प्रवाळाचा रंगही त्याचाच. समुद्राचे पाणी फार तापले की प्रवाळ या भाडेकरूला बाहेर काढतो, स्वतः पांढराफटक पडतो आणि बरेचदा मरतो. लक्षद्वीपात असे १९९८, २०१० आणि २०१६ साली मोठ्या प्रमाणावर घडले. १९९८ ते २०२२ या काळात तेथील पाहणी केलेल्या खडकांवरचा जिवंत प्रवाळ सुमारे निम्म्यावर आला. तरीही पहिल्या तडाख्यानंतर काही ठिकाणी प्रवाळ पुन्हा उभा राहिला. त्याचे एक कारण असे सांगतात की तेथील लोक मुख्यतः खोल पाण्यातला कुप्पा मासा गळाने धरीत आले, आणि प्रवाळावरचे चरणारे मासे बऱ्याच अंशी शाबूत राहिले. मिनिकॉय बेटाची ही जुनी रीत १९६० नंतर इतर बेटांवरही पसरली. अलीकडे मात्र प्रवाळावरच्या माशांना बाहेर गिऱ्हाईक मिळू लागले आहे. चरणारे मासे राखले म्हणजे समुद्र तापावयाचा थांबेल असे कोणी समजू नये. तापलेल्या पाण्यापुढे पोपटमाशाचे काही चालत नाही. तो करतो ते एवढेच की तडाखा ओसरल्यावर पुन्हा पेरणीसाठी जमीन तयार ठेवतो.

महाराष्ट्राच्या वाट्याला प्रवाळ थोडा आला आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात तो आहे, आणि १९८७ साली तेथे सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. नद्यांचा गाळ आणि पावसाळ्याचे गढूळ पाणी सोसून तो तेथे तग धरून आहे. दुसरा साठा फारच थोड्यांनी पाहिला आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर, समुद्राच्या पोटात, चाळीस किलोमीटर लांबीचे एक बुडालेले पठार आहे. त्याचा माथा पाण्याखाली वीस मीटरवर असल्याने तेथे उजेड पोचतो आणि प्रवाळ वाढतो. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. २०१९ च्या डिसेंबरात शास्त्रज्ञांचे एक पथक तेथे जाऊन उतरले. आपल्या राज्यासमोर एवढे मोठे पोवळ्याचे रान आहे आणि शाळेच्या नकाशात त्याचा ठिपकाही नाही, याचे आम्हांस नवल वाटते. प्रवाळ तोडणे हा २००१ पासून आपल्या वन्यजीव कायद्याखाली मोठा गुन्हा आहे. त्याची निगा राखणाऱ्या माशांचा विचार अजून त्या मानाने कमी होतो.

मध्य अमेरिकेतील बेलीझ या छोट्या देशाने २००९ साली पोपटमासा धरण्यास सरसकट बंदी केली. ही कल्पना काही नवी नव्हे. भूमध्य समुद्रातही या कुळातली एक जात आहे आणि रोमन श्रीमंतांच्या ताटात तिला पहिला मान असे. इटलीच्या किनाऱ्यावर ती मिळत नसे. क्लॉडियस बादशहाच्या काळी, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकात, रोमन आरमाराच्या एका अधिकाऱ्याने हे मासे पूर्वेच्या समुद्रातून जहाजाने आणून ओस्टिया आणि कँपेनियाच्या दरम्यान सोडले. सुमारे पाच वर्षे अशी खबरदारी घेण्यात आली की जाळ्यात सापडलेला हा मासा पुन्हा पाण्यात सोडावा. त्यानंतर तो त्या किनाऱ्यावर भरपूर मिळू लागला, असे प्लिनीने लिहून ठेवले आहे.